दुप्पट मागणारे हंबीरराव

मागणी फुगवून लिहिण्यात अधीक्षक हंबीररावांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हता. कोल्हापुरातल्या त्या सरकारी मनुष्यबळ कार्यालयाचं अंदाजपत्रक गेली कित्येक वर्षं त्यांच्याच टेबलावर शिजायचं. दोन खुर्च्या हव्या असल्या की चार लिहायच्या, पुण्याचे साहेब निम्म्या कापायचे आणि दोन खुर्च्या यायच्या. कापणारा खूश, मागणारा खूश. यात लबाडी आहे असं कुणाला वाटतच नसे. बाजारात म्हैस विकणारा पहिल्याच बोलीला खरी किंमत सांगतो होय?

मग संयोगिता मॅडम कार्यालयप्रमुख होऊन आल्या. वय हंबीररावांच्या थोरल्या लेकीएवढं. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "यंदा लागेल तेवढंच मागायचं."

"मॅडम, वर कात्री तयारच असती," हंबीरराव म्हणाले. "आपण खरं लिवलं तर खऱ्यालाच लागंल की ती."

"लागली तर बघू."

हंबीररावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहिलं खरंच. त्यात त्यांच्या जिवाची एकच बाब होती, ती म्हणजे दप्तरखोलीसाठी लोखंडी मांडण्या. महापुरात त्या खोलीत पाणी शिरून कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं भिजली होती. हंबीररावांनी ती गच्चीवर नेऊन पान न् पान वाळवलं होतं. माणसाची सगळी नोकरी त्या पुस्तकात असते, पेन्शन त्याच्यावर ठरते. ती पुन्हा फरशीवर पडून आहेत, या विचारानं पावसाळाभर त्यांचा जीव टांगणीला लागे. निवृत्त व्हायच्या आत मांडण्या बसवायच्याच, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता.

मार्चअखेर पुण्याहून उत्तर आलं : निम्मं मंजूर.

मॅडम स्वतः पुण्याला जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी हसतच सांगितलं, "साहेब म्हणाले, कोल्हापूरचा आकडा आणि खरा? हंबीररावांना मी काय आज ओळखतो?"

सगळे हसले. हंबीररावही हसले, पण ओशाळून. इतकी वर्षं जे पेरलं त्याचं पीक या पोरीच्या पदरात पडलं होतं.

आता बंद काय करायचं, याची बैठक बसली. सगळ्यांचे डोळे एकाच ओळीवर होते : शाहूवाडीचं वेल्डिंग शिकवायचं केंद्र. लांबचं, डोंगरातलं, आणि ते चालवणारी तहरीम कंत्राटी. तिच्या हाताखाली शिकलेली पोरंपोरी कागलच्या एमआयडीसीत कामाला लागत होती. केंद्र बंद म्हणजे पोरं घरी आणि तहरीमही घरी. तहरीम कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. कंत्राटी माणसानं अशा बैठकीत बोलायचं नसतं, हे तिला कुणी सांगायला लागत नव्हतं.

"खरं मागायचा हट्ट माझा होता, तेव्हा पहिली कात्री मला," मॅडम म्हणाल्या. "माझी गाडी बंद. मी एसटीनं फिरेन. केबिनचं कामही नको."

तरी भागेना. कुणी चहा ढवळला, कुणी मोबाइल उलटा ठेवला. हंबीररावांना राग आला, आणि तो मॅडमचा नव्हता, स्वतःचाच होता.

"मांडण्या काढा," ते म्हणाले.

"हंबीरराव, तुमचं हे शेवटचं वर्ष..."

"पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवतो. मी काम करतो उभ्यानं. पाय काय म्हातारं झाल्यात व्हय?"

यावर प्रशिक्षण शाखेच्या आदर्शनं नवा प्रोजेक्टर सोडला. मग छपाई गेली, पडदे गेले. अधीक्षकानं जिवाची वस्तू सोडल्यावर पडद्यांना कोण धरून बसणार? शाहूवाडी वाचली.

पावसाच्या तोंडावर कार्यालयाच्या दारात एक टेंपो येऊन थांबला. तहरीम खाली उतरली आणि मागं लोखंडी मांडण्या उभ्या होत्या.

"मामा, शिकताना कायतरी जोडायलाच लागतंय की," ती म्हणाली. "दरवर्षी पोरं तुकडं जोडत्यात आन् भंगारात टाकत्यात. यंदा म्हटलं, ह्येच जोडा."

एका मांडणीचा पाय आखूड होता. हंबीररावांनी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि सेवापुस्तकं स्वतःच्या हातानं वर लावली. डोळे भरून आले होते. ते त्यांनी लपवलेही नाहीत.

निवृत्तीआधी पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक लिहिताना त्यांनी मांडण्यांपुढं शून्य लिहिलं.

"मांडण्या राहिल्या का?" मॅडमनी विचारलं.

"मिळाल्यात की मॅडम. मिळालेलं कशाला मागायचं?"

कागद पुण्याला पोचले आणि साहेबांचा थेट फोन आला. "हंबीरराव, तुमच्या हातून शून्य? तब्येत बरी आहे ना?"

"झ्याक हाय साहेब. आता ह्याच्या निम्मं करून दावा."

पलीकडे साहेब खो खो हसले. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"शाहूवाडीचा आकडाही असाच का, खरा?"

"खराच हाय."

"मग राहू दे तसाच," साहेब म्हणाले.