सोजरबाईंचा बोलता डबा

मित्रांनो, माझ्यासारखा दुसरा तुम्हाला कुठल्याच दुकानात मिळणार नाही. मी बऱ्हाणपुरात एका स्वयंपाकघराच्या ओट्यावर सुटे भाग जोडून बनवलेला जुना संगणक आहे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा हे माझं अंग, आणि गळ्यात अडकवायला सुती पट्टा.

मला बनवलं सुनंदानं. ती पॉलिटेक्निकमध्ये शिकत होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिच्या आईचा, सोजरबाईंचा, आवाज गेला. ज्या बाई राजघाटावरून तापीच्या पलीकडच्या काठाशीही गप्पा मारायच्या, त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. मग सुनंदानं ठरवलं, आईनं बटणं दाबून लिहायचं आणि यंत्रानं ते मोठ्यानं बोलायचं.

पहिल्या खेपेला तिनं हौसेनं मला भारीतले भाग बसवले. मोडक्या लॅपटॉपचा वेगवान बोर्ड, झगझगीत रंगीत पडदा, गारव्याला पंखा. मी तोऱ्यात होतो, पण मला भूक फार. शाहपूरच्या बाजारात सोजरबाईंनी माझ्या तोंडून भेंडीचा भाव विचारला. भाजीवाल्या आशाबाई कौतुकानं म्हणाल्या, "अरे वा, डब्बा तो बोलता है! सांगा बाई, किती देऊ?"

"मले अर्धा…" एवढंच मी बोललो आणि माझी बॅटरी संपली. लोक हसले. सोजरबाईंचे डोळे भरून आले. घरी येताच त्यांनी मला फळीवर, पापडांच्या डब्यांमागे सारून दिलं.

तिथे मी बरेच दिवस धूळ खात पडलो. मग एकदा सुनंदानं मला खाली काढलं. फोपनार गावी तिच्या मामाच्या, चुडामणच्या, मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे सोजरबाईंचा. त्यांनी मात्र मान हलवून नकार दिला होता.

सुनंदानं मला चार्जिंगला लावून विचारलं, "आई, मोठी बॅटरी लावू का? पण जड होईल मग."

सोजरबाईंनी बटणं दाबली. मी म्हणालो, "मले पिच्चर नाही पाहायचा. मले बोलायचंय."

सुनंदाला हसूच फुटलं. मग ती मीटर घेऊन बसली. माझा कुठला भाग किती वीज खातो, ते तिनं एकेक करून पाहिलं. सगळ्यात खादाड निघाला तो रंगीत पडदा. त्याच्या जागी आला चिमुकला करडा पडदा. त्याला आतून दिवा नाही, उन्हातही तो स्वच्छ दिसतो आणि अक्षर बदललं तरच वीज घेतो. वेगवान बोर्ड जाऊन काडेपेटीएवढा, सावकाश चालणारा बोर्ड बसला. तो फारसा तापत नाही, म्हणून पंखाही निघाला. बटणं दाबली नाहीत की मी आपोआप डुलकी घेऊ लागलो. माझी ऐट गेली खरी, पण त्याच बॅटरीवर मी दिवसभर टिकू लागलो.

तरी बारशाच्या दिवशी मला धाकधूक होतीच. फोपनारची लाइट गेलेली, आणि सोजरबाई सकाळपासून बोलत सुटलेल्या. सुनंदा सारखी म्हणे, "आई, थोडं राखून ठेव!" पण ऐकतंय कोण? माझा आवाज मुळात हिंदीसाठी घडवलेला, त्यामुळे 'केळी'ला मी 'केली' म्हणे. बायका पोट धरून हसत, आणि या वेळी सोजरबाईही हसत.

दुपार कलल्यावर पाळणा सजला. चुडामण म्हणाला, "ताई, ये. तुझ्याबिगर नाव नाही ठेवायचं."

सोजरबाईंनी मला बाळाच्या कानाशी धरलं. एक अक्षर चुकलं, त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. मी हळूच म्हणालो, "कुर्रर्र… मुक्ता!"

बाळानं भलीमोठी जांभई दिली. मग रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, आणि सोजरबाई रडता रडता हसू लागल्या.

आता माझी बटणं झिजली आहेत. 'म' तर दोनदा दाबावा लागतो. तरी सोजरबाई रोज मला मऊ फडक्यानं पुसतात. मुक्ता शाळेत जाऊ लागली आहे. आत्या लिहीत असली की ती शेजारी निवांत बसून वाक्य पुरं व्हायची वाट पाहते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना गरजेपुरतंच खायला घाला आणि बिघडलो तर फेकण्याआधी एकदा उघडून पाहा. आणि कुणी थांबत थांबत बोलत असेल, तर घाईनं त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जरा थांबा. त्याचं बोलणं त्यालाच पुरं करू द्या.