धोंड्याच्या महिन्यातली शर्यत

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे देव. एरवी तो कसाही असो, त्या एका महिन्यात त्याचे पाय धुवायचे, त्याला ओवाळायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि वर तो मागेल ते द्यायचं. अनुसयाबाईला हा रिवाज मान्य होता. जावई मान्य नव्हता, एवढीच काय ती अडचण.

जावई हिलाल. धरणगावकडचा, उंच, वाळका, बोलायला कमी. सुरतेत उधन्याच्या लूमवरून कापडाचे ताके उचलायचे, मोटारसायकलच्या मागे माणसाच्या उंचीएवढे बांधायचे आणि पर्वत पाटियाच्या बाजारात नेऊन टाकायचे, हा त्याचा धंदा. धंद्याला अनुसयाबाईचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते रविवारला. रविवार उजाडला की हा माणूस त्याच यामाहाचा कॅरिअर, दिवा, मडगार्ड सोडून ठेवायचा आणि डुमसच्या बाजूला मोटारसायकल क्लबच्या मातीच्या मैदानात जाऊन शर्यत खेळायचा. लग्नाला चार वर्षं झाली, एक कप घरी आला नाही. आलं काय, तर सोललेलं कोपर आणि धुळीने भरलेले कपडे, आणि ते धुणार कोण, तर तिची सुवर्णा.

इकडे गोडादऱ्यात अनुसयाबाईची पिठाची चक्की. गावाहून नवऱ्याबरोबर एक पत्र्याची पेटी घेऊन आलेली बाई. तिने ती चक्की उभी केली होती. अर्धा गोडादरा तिच्या पिठाच्या भाकरी खात होता. पण नवरा लोटू आता खोकायला लागला होता, पट्टा चढवताना त्याचे हात कापायचे, आणि पोटी मुलगा नाही. म्हणजे चक्कीवर बसायचं ते जावयाने. सरळ गोष्ट होती. हिलालला ती चार वर्षांत कळली नव्हती, किंवा कळून तो मोटारसायकलवर बसून निघून जात होता.

म्हणून महिना लागल्या लागल्या तिने त्याला घरी बोलावलं, पाटावर बसवलं आणि तोंडावर देवाला शोभेल असं हसू आणून विचारलं, काय हवं ते मागा. सोनाराकडे अंगठी तर तिने आधीच घडवायला टाकली होती. हिलालने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मामी, मला वस्तू नको," तो म्हणाला. "या महिन्यात क्लबची मोठी शर्यत आहे. पहिल्या तिघांना कप असतो. कप आणला तर तुम्ही माझ्या गाडीबद्दल पुन्हा कधी बोलायचं नाही. नाही आणला तर गाडी विकतो आणि दुसऱ्या दिवसापासून चक्कीवर बसतो. तुमच्या देवासमोर सांगतो."

अनुसयाबाईने देवापुढे हात जोडले ते इतक्या घाईने, की उदबत्ती पडली. चार वर्षांत ज्याला कप मिळाला नाही त्याला आता काय मिळणार होता. त्या रात्री तिने लोटूला सांगून टाकलं, की चक्कीच्या गादीजवळ आणखी एक खुर्ची लागेल.

मग कळलं, की शर्यत ज्या रविवारी तोच धोंडे जेवणाचा रविवार. महिन्यातला दुसरा दिवस उरला नव्हता. दोनदा हिलालनेच पुढे ढकललं होतं. तो म्हणाला, संध्याकाळी येतो. ती म्हणाली, जावयाला संध्याकाळचं गारढोण ताट वाढायला ती काही मेलेली नाही. जावई येत नसेल तर ताट जाईल. आणि ती बोलली तसं तिने केलंही.

रविवारी दुपारी डुमस रोडच्या मैदानावर एक रिक्षा येऊन थांबली. तिच्यातून लोटू उतरला, सुवर्णा उतरली, पाट उतरला, चांदीची वाटी, तांब्याचं ताट, निरांजन, पितळी डबा उतरला आणि शेवटी हिरवं इरकल सावरत अनुसयाबाई उतरली. मैदान म्हणजे नुसती धूळ. चुन्याच्या रेघा, वळणांवर टायरांच्या राशी, जळक्या ऑइलचा वास, आणि आवाज असा की चक्कीच्या आवाजात आयुष्य काढलेल्या बाईनेही कानाला पदर लावला. पोरं कातडी कपडे घालून फिरत होती. हिलालच्या अंगात जीन्स होती, आणि तिच्या गुडघ्यांवर सुवर्णेने लूमच्या जुन्या चामडी पट्ट्याचे तुकडे शिवले होते. अनुसयाबाईने लेकीची शिवण पाहिली. टाके सारखे होते.

आधीच्या निवडीच्या फेरीत हिलाल तिसरा आला. तेवढ्यावर तो शेवटच्या शर्यतीत शिरला. सुवर्णेने टाळ्या वाजवल्या. अनुसयाबाई तेव्हा मैदानाकडे पाठ करून ताट मांडत होती. शेवटच्या शर्यतीला अजून अवकाश होता, आणि तिला हवा होता तो नेमका हाच अवकाश.

कारण आज ती मनात काहीतरी योजून आली होती. डब्यातले धोंडे नेहमीच्या आकाराचे नव्हते. एकेक धोंडा मुठीएवढा, आत पुरण दाबून भरलेलं. तूप तिने घरचं आणलं होतं आणि हात सैल सोडणार होती. धोंड्याच्या महिन्यात सासूने पुढे केलेला घास जावयाला नाकारता येत नाही. पोटभर पुरण खाऊन माणसाने झोपावं, अशी त्या अन्नाची रीत. त्यावर मोटारसायकल पळवून दाखव म्हणावं.

बाभळीखाली पाट मांडला. हिलालचा मित्र सुपडू, जो त्याच्या गाडीचे नटबोल्ट बघायचा, त्याने निरांजन वाऱ्याने विझू नये म्हणून हेल्मेट आडवं धरलं. अनुसयाबाईने जावयाचे धुळीचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. मग ताट पुढे सरकवलं.

"मामी, एकच खातो. शर्यत व्हायची आहे."

"हिलालराव," ती इतकी गोड बोलली की लोटूने मान वर केली, "महिना वर्षावर्षाला येत नाही. माझ्या हातचा मान राखा."

एक खाल्ला. दुसरा वाढला. तिसरा सुवर्णेच्या नावाने. चौथ्याला हिलालने हात आडवा धरला, तेव्हा अनुसयाबाईने डोळ्याला पदर लावला. चौथाही गेला. त्यावर तुपाची धार. हिलाल उठला तो गुडघ्यावर हात टेकून. लोटू इतकी वर्षं या बाईजवळ राहत होता. त्याने डब्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि गुपचूप तंबाखू मळायला घेतली.

भांडी घासायला ती नळाकडे निघाली, आणि तिथे तारेच्या कुंपणाशी सगळं उलटलं.

कुंपणाला टेकून दोन बाप्ये उभे होते. त्यांच्यातल्या एकाचा पुतण्या केतन, लाल कातडी कपडे, नवी कोरी गाडी, तो शेवटच्या शर्यतीत होता. ते दोघे गुजरातीत बोलत होते. अनुसयाबाईला सुरतेत राहून गुजराती तोंडपाठ झालेली, हे त्यांना कुठून ठाऊक. एक म्हणाला, त्या ताकेवाल्याला इथे कोणी घेतला, उद्या हमाल पण यायला लागतील. दुसरा म्हणाला, बिचारा जेवायला बसला होता झाडाखाली, बघितलंस का, घरात दाणा नसणार, म्हणून सासरचे डबा घेऊन आले.

घरात दाणा नसणार.

अनुसयाबाईच्या हातातलं ताट खाली आलं. चार वर्षं ती हिलालला काय काय म्हणाली होती. वाळका म्हणाली, मुका म्हणाली, चाकावर जन्मलेला म्हणाली. पण ते म्हणायचा हक्क तिचा होता. पाय तिने धुतले होते, लेक तिने दिली होती. हे दोघे कोण.

"मन्हा जवाई शे तो," ती अहिराणीत म्हणाली, आणि कळलं नसेल म्हणून तेच पुन्हा गुजरातीत म्हणाली. मग आवाज न चढवता तिने त्यांना सांगितलं, की तिच्या चक्कीत एका दिवसाला जेवढं पीठ पडतं तेवढं त्यांच्या खानदानाने वर्षभरात खाल्लं नसेल. ताके वाहणारा तिचा जावई स्वतःच्या कमाईवर स्वतःच्या गाडीवर बसतो, काकाच्या नाही. आणि घरी दाणा कमी पडला तर गोडादऱ्याला यावं, ती दारातून कोणाला उपाशी पाठवत नाही. दोघे बाजूला सरकले. एकाने तर नमस्कारही केला.

ती पुढे चार पावलं गेली आणि तिथेच थांबली. तिला ते चार धोंडे आठवले.

आता काय करायचं. पोटात गेलेलं पुरण बाहेर काढता येत नाही. देवापुढे दिलेला शब्दही परत घेता येत नाही. अनुसयाबाईने आजवर एकही शब्द परत घेतला नव्हता आणि जावयासमोर तर मुळीच घेणार नव्हती. भांडी तशीच टाकून ती तरातरा गाड्या उभ्या होत्या तिकडे गेली. झेंडा धरून उभा असलेला क्लबचा माणूस म्हणाला, बहेनजी, इथे यायचं नाही. ती त्याच्या बाजूने निघून गेली.

हिलाल गाडीवर बसला होता. कुंकू घामाने ओघळून डोळ्यापर्यंत आलं होतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ते पुसलं.

"पोट जड झालं का?" तिने विचारलं.

"झालं, मामी."

"खूप?"

"ताक्यांपेक्षा कमी," तो म्हणाला आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

झेंडा पडला. सहा फेऱ्यांची शर्यत. सगळ्या गाड्या एकदम सुटल्या आणि धुळीचा असा लोट उठला की अनुसयाबाईला नुसता आवाज दिसत होता. लोट खाली बसला तेव्हा पुढे होता बडोद्याचा एक वयस्क गडी, काळ्या गाडीवर, शांत बसलेला, जणू भाजी आणायला निघालाय. त्याच्या मागे लाल केतन. हिलाल पाचवा. अनुसयाबाई पाटावर चढून उभी राहिली.

दुसऱ्या फेरीतही पाचवाच. तिच्या पोटातही चार धोंडे असावेत असं तिला वाटायला लागलं. सुवर्णा तारेत बोटं अडकवून उभी होती. शेजारी सुपडू सगळं सांगत होता. बाभळींच्या वळणावर भुसभुशीत माती आहे, तिथे सगळ्यांचं मागचं चाक उड्या मारतं, म्हणून तिथे सगळे हात आखडतात. हिलालचीही तीच रड. सहा दिवस मागे ताके असतात तोवर गाडी जमिनीला धरून चालते. रविवारी मोकळी झाली की मागून नाचते.

तिसऱ्या फेरीला हिलाल त्या वळणावर आला आणि त्याने हात आखडला नाही. गाडी नाचली नाही. एकाला त्याने तिथेच मागे टाकलं. चौथ्या फेरीला, त्याच वळणावर, दुसऱ्याला. म्हणजे तो तिसरा, म्हणजे कप, म्हणजे चक्कीची खुर्ची गेली. लोटूने बायकोकडे पाहिलं. तिला त्या क्षणी खुर्ची आठवतही नव्हती. ती लाल कपड्यांवर नजर रोखून होती.

पाचव्या फेरीत हिलाल केतनच्या मागच्या चाकाला जाऊन भिडला. शेवटच्या फेरीला दोघे बरोबरीने बाभळींकडे आले. केतनने कोपर बाहेर काढून त्याला रेटलं. हिलालचा पाय जमिनीवर घासला, गुडघ्यावरचं चामडं मातीला लागलं, गाडी आडवी झाली, इतकी की सुवर्णेने डोळे मिटले. तिने उघडले तेव्हा हिलाल आतल्या बाजूने निघून गेला होता आणि लाल केतन टायरांच्या राशीजवळून गाडी सावरत होता. पाटावर उभी राहून अनुसयाबाई काय ओरडली ते तिला स्वतःला आठवत नाही. सुवर्णेला आठवतं. पण ते शब्द मोठ्या माणसांत सांगण्यासारखे नाहीत.

बडोद्याचा गडी पहिला आला. हिलाल दुसरा.

कप हातभर उंचीचा होता, दोन कानांचा. हिलालने तो आणून सासूच्या पायाशी ठेवला आणि वाकला. धुळीने त्याचे फक्त दात आणि डोळे दिसत होते. तो म्हणाला, आज पहिल्यांदा गाडी मागून नाचली नाही. पोटात वजन होतं म्हणून मागचं चाक जमिनीला धरून राहिलं.

"मग," अनुसयाबाई म्हणाली, "उगाच चारले होते का चार?"

लोटूला तंबाखूचा ठसका लागला. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो ठसका थांबला.

मग तिने कप उचलला, कुंपणाजवळच्या त्या दोघांना दिसेल असा फिरवून, पदराने पुसून, ताटात ठेवला. कुंकू लावलं. पण तिच्या कपाळावरची आठी काही जात नव्हती.

"त्या काळ्या गाडीवाल्याजवळ काय जास्त होतं?"

"टायर, मामी," हिलाल म्हणाला. "मातीचं टायर असतं वेगळं. जाड दात्यांचं. माझं रस्त्याचं आहे."

अनुसयाबाईने कनवटीची पुडी सोडली. सोनाराकडची अंगठी, लाल कागदात गुंडाळलेली. हिलालने सवयीने हात पुढे केला. तिने ती त्याच्या बोटात घातली नाही. तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली.

"बोटात नको," ती म्हणाली. "चाकात घाला. अन् पुढच्या शर्यतीला मला दुसरा नंबर दाखवायला आणू नका."

सुवर्णेने विचारलं, मग चक्कीचं काय. अनुसयाबाई भांडी गोळा करत होती; तिने मान वर न करता सांगितलं, की चक्कीवर खुर्ची तर आता आणलीच आहे, तिथे सुवर्णा बसेल, तिला हिशोबही येतो आणि तोंडही आईवर गेलेलं आहे. लोटू म्हणाला, हे आधीच का नाही सुचलं. तिने डबा त्याच्या हातात दिला.

रिक्षेत पाट, डबा, निरांजन चढलं. कप मात्र तिने मांडीवर घेतला, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, की पर्वत पाटियावरून घे, बाजारातून, सावकाश.