दोन लाल स्क्रू

"बाळ, ही पट्टी उलटी लागली का रे?" देवदत्तने विचारलं, आणि गच्चीवर उकिडवा बसलेला बाळ कर्णिक नकाशातून डोकं वर न काढता "हो" म्हणाला.

वरच्या मजल्यावरच्या देवदत्त टिपणीसने किट मागवलं होतं. दहा खोकी! ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पारदर्शक पत्रे, नटबोल्टच्या थैल्या. फ्लॅटला लागून असलेल्या गच्चीत झाडांसाठी काचघर उभं करायचं होतं. नकाशा कळेना म्हणून बोलावलं कोणाला, तर बाळला. मरोळच्या कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होता ना तो!

आता गंमत बघा. काचघर हे मुळात बाळचं स्वप्न. मुलुंडच्या या सोसायटीत आल्यापासून तो बायकोला, नीलाला, सांगत होता की बाल्कनीत तुझ्या झाडांसाठी काचेची खोली करतो. ग्राफपेपरवर अकरा नकाशे काढले त्याने. मग मुलीचं लग्न आलं, आईचं आजारपण आलं, आणि पुढे नुसतीच वर्षं गेली. आणि हा देवदत्त, विमा कंपनीत जन्मभर कागद फिरवलेला माणूस, स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा ते ज्याला ठाऊक नाही, त्याने फोनवर बोट दाबलं आणि काचघर दारात! बाळच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तोंडाने मात्र तो झकास, झकास करत राहिला.

दुसऱ्या रविवारी काम संपत आलं. किटच्या पुस्तिकेचं सातवं पान बाळने मनातच वाचलं. छताच्या खिडकीचे दोन लाल स्क्रू फक्त वाहतुकीपुरते आहेत, ते काढल्याशिवाय खिडकी उघडणार नाही, असं लिहिलं होतं.

"अजून काही राहिलंय का रे?"

"नाही. झालं," म्हणून बाळने पान मिटलं.

मार्चमध्ये देवदत्तचे नेचे करपले, मग बेगोनिया गेले. लिफ्टमध्ये भेटला की त्याचं रडगाणं सुरू, पाणी घालतो, खत घालतो, तरी वाट लागली यार. बाळ चुकचुकायचा आणि घरी येऊन एक पोळी जास्त खायचा. खोटं कशाला सांगू, निवृत्तीच्या समारंभातही त्याला इतकं समाधान मिळालं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी बाल्कनीतली तार त्याला रिकामी दिसली. तिथे सीतेची वेणी टांगलेली असायची. ते ऑर्किड नीलाच्या आईने जायच्या आदल्या वर्षी कुडाळहून आंब्याच्या फांदीसकट आणून दिलं होतं. मे संपता संपता गुलाबी घोस धरला की नीला त्याच्याशी आईशी बोलावं तशी बोलायची.

"वर नेऊन ठेवलं कालच," नीला म्हणाली. "तुम्ही उभं केलंय ना ते, मग भरवशाचं असणार, म्हटलं."

बाळने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि लिफ्टची वाट न बघता जिने चढला. काय झालं, काय झालं करत नीला मागोमाग. देवदत्तने दार उघडलं, तर त्याला बाजूला सारून तो थेट काचघरात शिरला. आत कुकरसारखी वाफ कोंडली होती. वेणीची पानं सुरकुतली होती, कळ्यांच्या कोवळ्या दांड्याने मान टाकली होती. बाळ स्टुलावर चढला. दोन स्क्रू काढायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. खिडकी ढकलली तशी गरम हवा भसकन बाहेर गेली.

देवदत्त खाली स्टूल धरून उभा होता. "हे काढायचे होते होय? तुला कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणायला काय जात होतं? देवदत्तने विश्वास ठेवला असता, नीलानेही ठेवला असता. बाळने खाली तिच्याकडे पाहिलं. ती वेणीची पानं एकेक करून ओल्या पदराने पुसत होती.

"तेव्हाच," तो म्हणाला. "सातव्या पानावर होतं."

नीलाचा हात थांबला. देवदत्तने मान वळवली, पण बाळ उतरेपर्यंत स्टूल काही सोडलं नाही. बाळ पुटपुटला की वेणी खाली नेऊ या.

"राहू दे इथेच," नीला म्हणाली. "आता वारा येतोय." मग देवदत्तकडे वळून तिने विचारलं, "भावजी, रोज सकाळी मी पाणी घालायला आले तर चालेल ना?"

बाळ एकटाच जिना उतरून घरी आला. बाल्कनीत रिकामी तार लोंबत होती. मुठीतले दोन लाल स्क्रू कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.