पंख्याखालची मिरास

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. इंदुरात राजवाड्यामागच्या मराठी वाचनालयात, खिडकीशी, अगदी पंख्याखाली माझी जागा. रामभाऊ सुतारांनी सागवान तासून मला घडवलं आणि आधी स्वतःच ऐसपैस बसून बघितलं. तेव्हापासून मला माणसांचा भारी लळा!

महूला रेल्वेत नोकरी केलेले बाळकृष्णकाका निवृत्तीनंतर रोज माझ्यावर बसू लागले. बसण्याआधी रुमालाने पुसायचे. मग मुलाकडे पुण्याला गेले, ते सहा वर्षं फिरकलेच नाहीत. माझा वेत उसवला, माझ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे चढले. फार वाईट वाटायचं. शेवटी पूर्वा नावाची मुलगी अभ्यासाला आली. तिने गठ्ठे उतरवले आणि उसवलेला वेत निळ्या नायलॉनच्या दोरीने विणला. जरा तिरकाच, पण मी खूश!

आणि परवा दारात काका उभे.

"बेटा, ही माझी खुर्ची."

"काका, चार महिन्यांपासून मी इथेच पढाई करून राहिली आहे. सोमवारी पेपर आहे माझा!"

"अगं, मी इथला मिरासदार."

"मतलब, जमीनदार?"

काका खुलले. "छे! लहानसाच शेतकरी, पण शेत वंशपरंपरेच्या हक्काचं. मिरास मूळ अरबी शब्द, म्हणजे वारसा. फारसीतून आपल्याकडे आला. मिरासदार गाव सोडून गेला, तरी वर्षांनी परतला की शेत त्याचंच. तोवर ते कसणारा तो उपरी."

"म्हणजे मी उपरी झाले." पूर्वाने पुस्तकं आवरायला घेतली.

माझा जीव कासावीस झाला. दोघंही माझीच माणसं, आणि चार पाय असून मला मध्ये पडता येईना!

ती उठली, तशी काकांना ती निळी वीण दिसली. "हे कुणी केलं?"

"मीच. मोबाईलवर बघून. थोडं बिगडलं."

काका मोठ्याने हसले. "मिरास देताही येते हो!" त्यांनी कागद मागून जुन्या मिरासपत्रांच्या थाटात लिहिलं, 'ही खुर्ची पूर्वाला मिरास करून दिली. लेकराचे लेकरी सुखाने अनुभवावी. मोडल्यास स्वतः दुरुस्त करावी.' ग्रंथपाल सुनीताताईंनी हसत साक्ष घातली, वर शिक्काही मारला. काका स्टूल उचलून शेजारी आले. "आता उपरी मी. बस, वाच!"

मित्रांनो, मला इतका आनंद झाला की मी कुरकुरले! तुमच्याकडेही माझ्यासारखी कुणी असेल. तिला फरफटवू नका, उचलून ठेवा. उसवली तर टाकू नका, विणा. तिरकी वीणसुद्धा चालते आम्हाला.