घोटीतले आखूड पाय

घोटीच्या बाजारात पायवाढेबाबा उतरले आणि बघता बघता निम्मं गाव लंगडू लागलं. बाबा भक्ताला स्टुलावर बसवत, दोन्ही टाचा हातात घेत आणि एक पाय दोन बोटं आखूड असल्याचं दाखवून देत. मग 'हाडा, वाढ' म्हणत टाचा हलवल्या की पाय जुळत. उभ्या जन्मात न लंगडलेले पाटीलसुद्धा आपला नंबर लागेपर्यंत लंगडतच फिरत होते.

त्यातच भाताचा व्यापारी रहेमान याची मुलगी अनवरी बैलगाडीवरून पडली. तिचा पाय मात्र खरोखरच आखूड झाला, गुडघा आत वळला. दवाखान्याच्या डॉक्टर खैरनारांनी सांगितलं की खुब्याचा गोळा खोबणीतून निसटलाय, आजच बसवायला हवा. पण अनवरीच्या आईने, जैतुनबीने, बाबांचा हट्ट धरला, आणि रहेमानलाही दवाखान्यापेक्षा मंत्र सोपा वाटला. बाबांनी टाच ओढताच अनवरी किंचाळली. हाड वाढताना दुखायचंच, असं म्हणून बाबांनी पुन्हा टाच धरली.

तेवढ्यात मागोमाग आलेले डॉक्टर स्वतःच स्टुलावर बसले. त्यांचाही पाय आखूड निघाला.

"रहेमानभाई, माझी कंबर भिंतीशी सरळ दाबून धरा," ते म्हणाले.

रहेमानने दोन्ही हातांनी कंबर दाबली आणि मंत्राआधीच पाय जुळले. बाबा ओढून ओढून घामाघूम झाले. पाय ना वाढे ना घटे.

"आता हात नुसते ठेवा."

डॉक्टरांनी कंबर हळूच पुढेमागे केली. पाय वाढला, आखूड झाला, परत वाढला. कंबरेचं हाड रहेमानच्या तळव्याखाली सरकत होतं. त्याने मुलीला उचललं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तिला भूल दिली, गुडघा दुमडून मांडी वर उचलली. खट् असा आवाज झाला आणि पाय सरळ झाला. खिडकीबाहेर जयजयकार उठला. लोक डॉक्टरांसाठी नारळ घेऊन आले. पाटील तर टाच पुढे करूनच उभे राहिले.

रहेमान दारात आडवा आला. "चमत्कार नाय हा. दाराची बिजागरी निसटली तर आपण नारळ फोडतो का? पोरीचा सांधा निसटला, जाणत्यानं बसवला. दुखलं तर आधी विचारा, काय निसटलंय. ते कळल्याबिगर कुणाच्या हाती पाय देऊ नका."