समेटाचा रविवार

त्या रविवारी चर्चमध्ये वाचायचा बायबलमधला उतारा होता, दान वेदीपाशी ठेवून आधी रुसलेल्या भावाशी समेट करण्याचा. पाळकसाहेबांनी त्यावर आजवर नऊ प्रवचनं दिली होती. त्यांचा स्वतःच्या धाकट्या भावाशी मात्र आईच्या अंत्यविधीपासून सहा वर्षं अबोला होता.

"या खेपेला तरी जाऊन या," बायको शनिवारी म्हणाली.

"उतारा मंडळीसाठी आहे," म्हणून त्यांनी विषय मिटवला.

रविवारी मोठ्याने वाचताना 'भाऊ' या शब्दापाशी त्यांची जीभ अडखळली. "गीत सुरू करा, आलोच," म्हणत ते झग्यासकट दोन गल्ल्या ओलांडून भावाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात पोचले. भाऊ पंक्चर शोधत होता.

"दादा? उपासना लवकर सुटली?"

"चालू आहे. अंत्यविधीला आईबद्दल तुला दोन शब्द बोलू दिले नाहीत मी. चुकलं माझं."

भावाने ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. बुडबुडे येत राहिले.

"मला तरी कुठे बोलता आलं असतं," तो शेवटी म्हणाला. "रडलोच असतो."

मग त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि आईबद्दल बोलू लागला. पाळकसाहेब ऐकत बसले. तिकडे लोक वाट पाहून घरी गेले. ते कुठे गेले होते हे कळल्यावर, त्या रविवारचं प्रवचन आवडल्याचं पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं.