भांडणाऱ्यालाच वॅफल

तोर्बयर्गच्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता: भांडणाऱ्यांना समोरासमोर बसवलं की भांडणं घटतात. नॉर्वेच्या दक्षिणेतली मच्छीमार गावं या वाक्यापुढे मान डोलवत होती. उत्तरेकडची मूठभर गावं मात्र अडून बसलेली. तिथे समेटाच्या बैठका जास्त, आणि जाळ्यांच्या जागांवरून तंटेही जास्त.

"वगळ ती गावं," ऑस्लोच्या शांतता संशोधन संस्थेतला तिचा प्रमुख गाउते पावावर तपकिरी चीज ठेवत म्हणाला. "हिवाळाभराच्या अंधारात डोकी फिरतात त्यांची. उन्हाळ्याआधी प्रबंध दे, नोकरी पक्की."

"आणि माझं वाक्यच फिरलेलं असेल तर?"

"वाक्य सांभाळ. पगार त्यालाच मिळतो."

तिने उत्तरेची बोट पकडली.

स्टुर्विक या उत्तरेतल्या गावाच्या सभागृहात समेटाची बैठक भरली होती; शेगडी पेटलेली, गरम वॅफलांचा वास सुटलेला. म्हातारा पेडर शेजाऱ्यावर ओरडत होता, "माझी जागा ढापलीस!"

"तूच ढापलीस! जॅम सरकव इकडे."

दाराबाहेर गुन्वोर नावाची विधवा कुडकुडत उभी होती.

"तुम्ही आत का नाही?"

"माझं कुणाशी भांडण कुठेय, पोरी? बोलावणं भांडणाऱ्यांनाच. पण काढते एखादं. पेडरची होडी माझ्या धक्क्याला घासते. म्हणजे घासत नाही अजून, पण घासू शकते."

तोर्बयर्ग हसली, आणि हसता हसता थांबली. भांडणातून बैठक, बैठकीतून वॅफल, वॅफलसाठी भांडण. ज्याला ती औषध समजत होती, ते दुखण्याचंच खाद्य होतं. पण हा नुसता तर्क झाला.

तिने उत्तरेतल्या गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या गावांत सभागृह आणि वॅफल सगळ्यांना खुले, भांडण असो वा नसो; उरलेल्यांत जुनीच रीत.

"आधीच सांगते," ती फोनवर गाउतेला म्हणाली, "खुल्या गावांत तंटे घटले नाहीत, तर माझा तर्क चूक."

"घटले तर प्रबंध चूक. आपटणार तूच."

"कशावर आपटले ते तरी कळेल."

हिवाळा सरला, उन्हाळाही लागला. खुल्या गावांत तंटे घटले, जुन्या रीतीच्या गावांत जैसे थे. स्टुर्विकमध्ये पेडरची एकच तक्रार होती, की ओरडल्याशिवाय वॅफल पचत नाही.

ऑस्लोला परतून तोर्बयर्गने ते लाडकं वाक्य स्वतःच खोडलं.

"मुदत गेली. नोकरीही जाईल," गाउते म्हणाला. "आता?"

"आता दक्षिण. तिथे वॅफल नाहीत, नुसती काळी कॉफी. भांडणं समोरासमोर बसल्याने घटली, की कॉफी फार कडू म्हणून?"

"तोर्बयर्ग, ती गावं तर तुझ्या बाजूची होती!"

"म्हणूनच त्यांना आजवर काही विचारलं नव्हतं," असं म्हणत तिने कोट चढवला.